उपनगरातील कुंडीशेती : पहिल्या हंगामाचा पाठ

मुंबईची उपनगरे म्हणून आज ओळखला जाणारा भूभाग हा मूळचा साष्टीचा शेतीप्रधान मुलूख होय. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सारा परिसर एके काळी भातखाचरे, आंबराया, ताडमाड आणि भाजीपाल्याच्या वाड्या यांनी वेढलेला होता. लोहमार्ग आला, कारखाने आले, वसाहती उभ्या राहिल्या आणि खाचरांची जागा इमारतींनी घेतली. तरीही येथील माणसाचे मातीशी असलेले नाते समूळ तुटले आहे असे म्हणता येत नाही. मृगाचा पाऊस पडला की बोरिवलीच्या वा मुलुंडच्या बाजारात आदिवासी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बसतात आणि त्या हातोहात खपतात. चौथ्या मजल्यावरील गॅलरीतही तुळशीच्या शेजारी ओव्याची वा गवती चहाची एखादी कुंडी असतेच.

अशा गॅलरीत, खिडकीत वा गच्चीवर भाजी पिकविता येईल काय, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. वांद्रे येथील अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या घराच्या गच्चीवर पिशव्या, पिंपे व जुने टायर यांत उसाची चिपाडे, घरातील ओला कचरा आणि थोडी माती भरून फळे व भाज्या घेतल्या आणि 'शहरशेती'चा वस्तुपाठ घालून दिला. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास श्रीमती प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाहारगृहातील भाज्यांची देठे, साली व उरलेसुरले अन्न यांपासून खत करून बाग फुलविली. या दोन्ही उदाहरणांत विकत आणलेल्या मातीचा वाटा थोडा आणि स्वयंपाकघरातील टाकाऊ पदार्थांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मात्र आरंभीच अपेक्षा मर्यादित ठेवणे हिताचे ठरते. चार-सहा कुंड्यांमुळे कुटुंबाचा भाजीचा खर्च नाहीसा होत नाही. रोजची कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, आठवड्यातून एखादी पालेभाजी आणि हंगामात थोडे टोमॅटो वा वांगी एवढे उत्पन्न मिळाले, तरी तो यशस्वी प्रयोग मानावा. आपली भाजी कोणत्या पाण्यावर वाढली आणि तिच्यावर काय फवारले, हे निश्चितपणे ठाऊक असणे हा या प्रयोगाचा खरा लाभ आहे. उपनगरी लोहमार्गांलगत पिकणाऱ्या पालेभाजीला सांडपाणी दिले जाते असे आक्षेप वर्षानुवर्षे घेतले गेले आहेत. ते पाहता हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

नवशिक्याची कुंडी निष्काळजीपणाने मरते त्याहून अधिक वेळा ती अतिकाळजीने मरते. ऊन न पाहता बी पेरणे आणि माती न पाहता पाणी घालणे, ही अपयशाची दोन प्रमुख कारणे होत. म्हणून आधी जागा पारखावी, मग बी निवडावे, हा या पाठातील पहिला नियम होय.

जागेची परीक्षा

एखादा सुटीचा दिवस निवडून सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत ऊन कोठे पडते ते खडूने जमिनीवर आखून ठेवावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. ज्या ठिकाणी थेट ऊन सहा तास वा अधिक मिळते, तेथे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी व वेलभाज्या घेता येतात. तीन ते चार तास ऊन असेल तर पालक, माठ, मेथी, कोथिंबीर व मुळ्याचा पाला चांगला येतो. दोन तासांपेक्षा कमी ऊन असणाऱ्या जागी फळभाजीचा हट्ट धरू नये. तेथे पुदिना, अळू किंवा ओवा यांवर समाधान मानावे.

गॅलरीची दिशाही महत्त्वाची आहे. पूर्वेकडील गॅलरीत सकाळचे सौम्य ऊन मिळते, ते पालेभाज्यांना मानवते. पश्चिमेकडील गॅलरी दुपारनंतर तापते. तेथे मिरचीसारखी काटक झाडे तग धरतात, परंतु एप्रिल-मे महिन्यांत त्यांनाही जुन्या साडीच्या वा जाळीच्या पडद्याचा आडोसा द्यावा लागतो. दक्षिणेकडील गॅलरीत हिवाळ्यात सूर्य खाली उतरलेला असल्याने ऊन खोलवर आत येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या भाजीच्या मुख्य हंगामात ही गॅलरी सर्वांत उपयुक्त ठरते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात सुखाने वाढलेले झाड उन्हाळ्यात त्याच जागी अचानक सावलीत जाते. अशा वेळी झाडाला दोष न देता कुंडी हलवावी.

समोर नवी इमारत उभी राहिली की ऊन कायमचे बदलते. म्हणून उन्हाची ही आखणी वर्षातून दोनदा, म्हणजे ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत, पुन्हा करावी.

कुंडी आणि तिचे वजन

मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा ते आठ इंच खोलीची पसरट कुंडी वा लाकडी खोके पुरते. मिरचीला दहा ते बारा इंची, टोमॅटो व वांग्याला बारा ते चौदा इंची कुंडी घ्यावी. दोडका, कारले यांसारख्या वेलांना वीस लिटरहून लहान भांडे देऊ नये. मातीची कुंडी सच्छिद्र असल्याने मुळांना हवा मिळते, परंतु ती लवकर सुकते. प्लॅस्टिकची कुंडी हलकी असते व ओलावा धरून ठेवते, म्हणून तिला पाणी कमी लागते. गोडेतेलाचा स्वच्छ धुतलेला डबाही चालतो. रंगाचे वा रसायनांचे डबे मात्र खाण्याच्या झाडांसाठी वापरू नयेत.

भांडे कोणतेही असो, तळाला पाण्याचा निचरा होण्यासाठी चार-पाच छिद्रे हवीतच. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रांवर फुटक्या कौलाचा वा खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. कुंडी थेट लादीवर न ठेवता विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाते, हवा खेळते आणि लादीखाली ओल मुरत नाही.

वजनाचा विचार नवशिक्याच्या मनात सहसा येत नाही. बारा इंची कुंडीत सुमारे पंधरा लिटर माती मावते. ती भिजली की कुंडीसह तिचे वजन पंचवीस किलोच्या आसपास जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे चार प्रौढ माणसे गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात अहोरात्र उभी राहण्यासारखे आहे. जुन्या इमारतींत हा भार भिंतीलगत विभागून ठेवावा. गच्चीवर कुंड्या मांडण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची संमती घ्यावी आणि गच्चीच्या जलरोधक थराची स्थिती तपासून घ्यावी. खिडकीबाहेरील जाळीवर वा कठड्यावर सुटी कुंडी ठेवणे हे खाली चालणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. वादळी वाऱ्याच्या दिवसांत तर अशी एकही कुंडी बाहेर राहता कामा नये.

माती घरच्या घरी

उपनगरात कोठूनही उकरून आणलेली माती बहुधा कामाची नसते. बांधकामालगतच्या मातीत सिमेंट, चुना व राडारोडा मिसळलेला असतो. खाडीकाठची माती खारट असते. रोपवाटिकेतून चाळलेली लाल माती आणावी आणि एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत व एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण करावे. काथ्याच्या भुशामुळे वजन कमी होते, मिश्रण भुसभुशीत राहते व ओलावाही टिकतो. भुसा प्रथम पाण्यात भिजवून व पिळून घ्यावा, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात.

खत विकत आणण्याची आवश्यकता नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. मुंबईच्या कचऱ्याचा भार देवनारने १९२७ पासून वाहिला, तर मुलुंडची क्षेपणभूमी भरून गेल्याने २०१८ मध्ये बंद करावी लागली. जो ओला कचरा तेथे दुर्गंधी व आग यांचे कारण बनतो, तोच घरी कुजविला असता कुंडीचे अन्न होतो.

बाजूंना छिद्रे पाडलेले एक झाकणाचे पिंप घ्यावे. तळाशी वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा. त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा असा एक वाटा ओला कचरा आणि त्यावर दोन वाटे सुका पालापाचोळा, या क्रमाने पिंप भरत जावे. मूठभर जुने खत वा आंबट ताक घातल्यास कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. आठवड्यातून दोनदा मिश्रण खालीवर करावे. दुर्गंधी येऊ लागली तर ओल वाढली असे समजून पाने घालावीत. कुजणे थांबलेले दिसले तर पाण्याचा हबका मारावा. दीड ते तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत व पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असणारे खत तयार होते. मासळी, मटण व तेलकट अन्न नवशिक्याने पिंपात घालू नये, कारण त्यामुळे उंदीर व माश्या येतात. कच्चा कचरा थेट कुंडीत पुरणेही टाळावे. तो कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने कोवळी मुळे दुखावतात.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उपनगरांतील रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष, बदाम व गुलमोहर यांच्या पानांचा सडा पडतो. ही पाने पोत्यांत भरून ठेवल्यास वर्षभराची बेगमी होते.

हंगामाचे गणित

सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. देशावरील पुस्तकी वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही ते यामुळेच. पावसाळ्यात मेथी व कोथिंबीर कुजतात आणि टोमॅटो करपतो. त्या दिवसांत अळू, अंबाडी, माठ आणि काकडी, पडवळ, दोडका, कारले हे वेल घ्यावेत. वेलांचे बी जूनच्या आरंभी टोकावे.

नवशिक्याने मात्र पहिली पेरणी ऑक्टोबरात करावी. पाऊस ओसरलेला असतो, किडींचा जोर थोडा उतरू लागतो आणि पुढील चार महिने हवामान अनुकूल असते. सप्टेंबरात एका लहान खोक्यात टोमॅटो, वांगी व मिरची यांची रोपे तयार करावीत. चार ते सहा पाने आली की सायंकाळी ती मोठ्या कुंडीत लावावीत. पालक, मेथी, मुळा व कोथिंबीर यांची मात्र थेट कुंडीतच पेरणी करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये भेंडी, गवार, चवळी व माठ यांची पाळी येते.

अगदी पहिला धडा गिरवायचा असेल तर मुंबईकरांच्या परिचयाच्या समुद्रमेथीसारखे दुसरे पीक नाही. स्वयंपाकघरातील मेथीदाणे रात्रभर भिजवून वाळूमिश्रित मातीच्या पसरट भांड्यात दाट पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात आणि दोन आठवड्यांच्या आत कोवळी भाजी हाती येते. मोठी मेथी हवी असल्यास विरळ पेरून पंचवीस ते तीस दिवस थांबावे. धणे मात्र पेरण्यापूर्वी हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात व भिजवावेत. त्यांना उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. या अवधीत धीर सोडून कुंडी उकरू नये.

बियाणे विश्वासू विक्रेत्याकडून घ्यावे. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने येथील दमट हवेत येणारे वाण विकसित केले आहेत. 'कोकण कीर्ती' ही मिरची व 'कोकण तारा' हे कारले त्यांपैकी होत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही भेंडी पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणू रोगास तोंड देण्यासाठी प्रसिद्ध आहे. दुकानातील रंगीत बियाण्यास औषध चोळलेले असते. ते खाण्यास वापरू नये व हाताळल्यावर हात धुवावेत.

पाणी : किती, केव्हा आणि कोणते

पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळाच्या छिद्रांतून पाणी झिरपेपर्यंत सावकाश द्यावे. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच राहतात व झाड दुबळे होते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. सतत चिंब मातीत ती गुदमरून कुजतात, पाने माना टाकतात, आणि ते पाहून नवशिक्या आणखी पाणी घालतो. एकामागून एक कुंड्या गमावल्या जातात त्या याच चुकीमुळे.

एप्रिल-मे महिन्यांत विहार, तुळशी, तानसा, भातसा आदी तलावांची पातळी खाली जाते आणि काही वर्षी पाणीकपातही होते. अशा दिवसांत तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना द्यावे. मीठ वा साबण असलेले पाणी मात्र वर्ज्य समजावे. मातीवर वाळलेल्या पानांचे वा नारळाच्या सोडणांचे आच्छादन घातल्यास पाण्याची मोठी बचत होते.

कुंडीखालील ताटलीकडे विशेष लक्ष द्यावे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस जातीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि ताटलीतील पाणी त्याला पुरते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही अनेक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस निश्चित करून सर्व ताटल्या रिकाम्या कराव्यात, घासून पुसाव्यात व कोरड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाकाव्यात. शेजाऱ्यांच्या आरोग्याला धोका निर्माण करणारी बाग कितीही हिरवी असली, तरी ती चांगली बाग नव्हे.

फुले येतात, फळे का धरत नाहीत?

वेलभाज्यांत नर व मादी फुले निराळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते, नर फुलाचा देठ साधा असतो. परागीभवनासाठी मधमाश्या हव्यात, आणि सातव्या मजल्यावर त्या क्वचितच येतात. अशा वेळी ताजे नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हळुवार टेकवावेत. काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात, म्हणून हे काम सकाळी करावे. दोडका, दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात, तेव्हा ते दिवेलागणीला करावे. टोमॅटो, मिरची व वांगे यांच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात. फुले आल्यावर खोडाला सकाळी हलकी टिचकी दिली तरी पुरते.

झाड भरभरून वाढते पण फुलत नाही, तेव्हा ऊन अपुरे आहे किंवा खत अधिक झाले आहे असे समजावे. खालची जुनी पाने फिकट पिवळी होऊ लागली, तर नत्राची उणीव संभवते. कुंडीतील अन्न लवकर संपते. म्हणून दर पंधरा दिवसांनी मूठ-दोन मुठी खत वरची माती हलवून द्यावे.

कीड आणि शिस्त

मावा, पांढरी माशी, तांबडा कोळी व पिठ्या ढेकूण हे गॅलरीतील नेहमीचे पाहुणे होत. रोज सकाळी पाने उलटून पाहणे हा त्यांवरील सर्वोत्तम उपाय आहे. आरंभीच बोटांनी चिरडून वा पाण्याच्या जोरदार धारेने कीड घालविता येते. पिठ्या ढेकूण ओल्या बोळ्याने पुसून काढावा. याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाच्या पाण्याचे काही थेंब घोळवून सायंकाळी फवारावे. घरातल्या कुंडीवर विषारी कीटकनाशक मारण्याचे कारणच उरत नाही.

पीक निघाल्यावर माती फेकून देऊ नये. ती पसरून चार-पाच दिवस उन्हात तापवावी व तिसरा हिस्सा नवे खत मिसळावे. टोमॅटो, वांगे, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत. त्यांपैकी एक काढलेल्या कुंडीत लगेच दुसरे न लावता मधे मेथी वा चवळी घ्यावी.

पहिल्या हंगामाची आखणी

पहिल्या वर्षी पाचच कुंड्या पुरेत. एकीत समुद्रमेथी, दुसरीत पालक, तिसरीत कोथिंबीर, चौथीत मिरची आणि ऊन पुरेसे असल्यास पाचवीत टोमॅटो. मेथी दोन आठवड्यांत, पालक महिन्याभरात, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत आणि मिरची व टोमॅटो लावणीनंतर दोन ते अडीच महिन्यांत हाती येतात. पालक मुळासकट न उपटता देठापासून कापावा, म्हणजे तो पुन्हा तीन-चार वेळा फुटतो.

या पाच कुंड्यांसोबत एक वही अवश्य ठेवावी. 'प्रयोग परिवार' या चळवळीचे प्रवर्तक आणि 'विपुलाच सृष्टी' या ग्रंथाचे लेखक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी सामान्य शेतकऱ्याला स्वतः निरीक्षण करून, नोंदी ठेवून व त्या इतरांशी ताडून शिकण्याची वाट दाखविली. गॅलरीतील बागायतदारालाही तीच वाट उपयोगी पडते. पेरणीची तारीख, उगवण, ऊन किती तास, पाणी किती दिवसांनी आणि हाती किती आले, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. अंधेरीच्या पूर्वाभिमुख गॅलरीतील अनुभव मुलुंडच्या पश्चिमाभिमुख गच्चीला तंतोतंत लागू पडणार नाही, कारण प्रत्येक घराचे ऊन व वारा निराळा असतो. एका वर्षाच्या वहीतून जी माहिती मिळते, ती त्या घरापुरती कोणत्याही पुस्तकापेक्षा अचूक असते.

पाच कुंड्या नीट सांभाळल्या गेल्या, ताटल्या कोरड्या राहिल्या आणि घरातील ओल्या कचऱ्याची बादली हलकी झाली, की सहावी कुंडी आणण्यास हरकत नाही.